विश्लेषण : शिकारी पक्ष्यांचे हिवाळी छायाचित्रण... छंद कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो?

डिसेंबरातील सकाळ. इंदापूर किंवा बारामती तालुक्यातील एखादे माळरान. गवतावर दव आहे, सूर्य नुकताच वर आला आहे आणि बांधाजवळच्या उंचवट्यावर एक स्टेपी गरुड अंग फुगवून बसला आहे. मातीच्या रस्त्यावर पहिली गाडी थांबते, मागोमाग दुसरी आणि तिसरी. खिडक्यांतून लांबलचक लेन्स बाहेर येतात. दहा मिनिटे गरुड जागचा हलत नाही. बसलेल्या गरुडाचे फोटो मग सगळ्यांकडे शंभर-शंभर होतात आणि कुणीतरी म्हणते, ‘जरा पुढे घ्या, उडाला तर फ्लाइट शॉट मिळेल.’ गाडी पुढे सरकते. गरुड उडतो, दोनशे मीटरवर जाऊन बसतो. गाड्याही तिकडे वळतात.

यात कुणी बंदूक चालवलेली नाही, जाळे लावलेले नाही. गाडीतल्या प्रत्येकाचे पक्ष्यांवर मनापासून प्रेम असते. त्या सकाळी गरुडाने जे गमावले ते मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही, आणि म्हणूनच या छंदाची चर्चा होणे गरजेचे आहे.

हे पक्षी कोणते आणि येतात कुठून?

महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि जलाशयांवर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उत्तरेकडून शिकारी पक्षी उतरू लागतात. भोवत्या म्हणजे हॅरियर हे त्यातले ठळक नाव. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून तो घिरट्या घालत जातो, म्हणून भोवत्या. फिक्कट भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या कझाकस्तान व आसपासच्या गवताळ प्रदेशातून येतात, तर दलदली भोवत्या उजनीसारख्या पाणथळ जागी दिसतो. स्टेपी गरुड, खरूची, मासे पकडणारा ऑस्प्रे, बहिरी ससाणा हेही हिवाळी पाहुणेच. मार्च-एप्रिलपर्यंत ते परत फिरतात.

यातील बऱ्याच जणांची स्थिती नाजूक आहे. स्टेपी गरुड २०१५ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या म्हणजे आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. फिक्कट भोवत्या ‘संकटसमीप’ गटात आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात आहारानुसार पक्ष्यांचे गट पाडले, तेव्हा मांसाहारी आणि मृतभक्षी पक्ष्यांची घट सर्वाधिक असल्याचे आढळले. भारताने २०१६ मध्ये स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सहीही केली आहे. कागदावर हे पक्षी महत्त्वाचे आहेत.

नोव्हेंबरात आणखी एक पाहुणा येऊन जातो, तो अमूर ससाणा. सैबेरिया-उत्तर चीनकडून निघून ईशान्य भारतात विसावा घेऊन तो आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जातो. वाटेत काही थवे लोणावळ्याच्या आसपास थोडे दिवस थांबतात आणि मग अरबी समुद्र एका दमात ओलांडतात. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम आणि समोर सुमारे तीन हजार किलोमीटर पाणी. २०१२ मध्ये नागालँडमधील पांगती गावाजवळ हेच ससाणे जाळी लावून मोठ्या संख्येने मारले जात असल्याचे उघड झाले होते. गावकऱ्यांनीच पुढे ही शिकार थांबवली आणि आज त्या भागाची ओळख ससाण्यांचे गाव अशी आहे. लोणावळ्यात त्यांना कुणी मारत नाही. मात्र समुद्र ओलांडण्यासाठी चरबी साठवायच्या त्या मोजक्या दिवसांत त्यांच्यामागे किती माणसे धावतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

गर्दी आताच का वाढली?

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो असत. उडणाऱ्या भोवत्याचा एक धड फोटो मिळवायला हंगाम जात असे. आज लाख-सव्वा लाखात १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स येते. नवे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःहून शोधतात आणि सेकंदाला २०-३० फोटो काढतात. त्यामुळे बसलेल्या पक्ष्याचा स्वच्छ फोटो ही आता कुणालाही जमणारी गोष्ट झाली आहे, आणि जे सगळ्यांना जमते त्याला इन्स्टाग्रामवर किंमत नसते. आता हवी असते ती झडप: पंजे पुढे काढलेले, पंख उघडलेले, नजर थेट लेन्सकडे. पक्षी आपणहून हे क्षण फार क्वचित देतात. त्यामुळे ते घडवून आणण्याचा मोह होतो. पक्ष्यांवरचा ताण कॅमेरे वाढल्यामुळे तर आहेच, पण कोणत्या फोटोला ‘चांगला’ म्हणायचे याची व्याख्या बदलल्यामुळे तो अधिक आहे.

सकाळचा एक तास इतका महत्त्वाचा का?

छायाचित्रकार ज्याला ‘गोल्डन लाइट’ म्हणतात, तो सूर्योदयानंतरचा तास-दीड तास असतो. गरुडासाठी हाच दिवसातला सर्वांत अडचणीचा वेळ आहे.

गरुड, गिधाडे हे जड अंगाचे, रुंद पंखांचे पक्षी. त्यांचे सारे गणित गरम हवेच्या उभ्या झोतांवर चालते. जमीन तापली की हे झोत तयार होतात, त्यांवर स्वार होऊन पक्षी पंख न हलवता उंच जातो आणि तिथून मैलोन्मैल तरंगत जातो. तरंगण्याला नुसते बसून राहण्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा लागते. पंख मारत उडायला मात्र कितीतरी पट अधिक. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात हे झोत नऊ-दहापर्यंत सुरू होत नाहीत. म्हणून सकाळी सातला माळावर बसलेला गरुड आळशी नसतो. तो थांबलेला असतो. रात्रीच्या थंडीत अंगातली बरीच शिल्लक खर्च झालेली असते आणि फुकटची लिफ्ट अजून सुरू व्हायची असते. नेमक्या त्या वेळी त्याला तीनदा-चारदा उडवले, की प्रत्येक उड्डाण त्याला स्वतःच्या पंखांच्या जोरावर करावे लागते.

आता हा खर्च भरून कसा निघणार? शिकारी पक्ष्यांच्या बहुतेक झडपा हुकतात. त्यातही पहिल्याच हिवाळ्याला सामोरी जाणारी पिल्ले अननुभवी असतात. यातील बरेच पक्षी पहिले वर्ष पार करत नाहीत. आणि माळावर सहज जवळ येऊ देणारा, माणसाची भीती न शिकलेला पक्षी बहुधा हाच कोवळा पक्षी असतो. फोटोग्राफरच्या भाषेत तो ‘कोऑपरेटिव्ह’ असतो. कधी कधी सहकार्य म्हणून जे वाटते तो थकवा असतो.

भोवत्यांची अडचण संध्याकाळची आहे. ते झाडावर झोपत नाहीत. सूर्यास्ताच्या सुमारास उंच गवतात, जमिनीवरच एकत्र उतरतात. गुजरातमधील वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात अशा शेकडो भोवत्यांची रातथाऱ्याची जागा जगभर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवरही लहान-मोठे रातथारे आहेत. मावळतीच्या प्रकाशात गवतावर उतरणारे भोवते हे विलक्षण दृश्य असते, त्यामुळे तिथे गाडी घालण्याचा मोह होतो. पण अंधार पडताना उठवलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याने जायचे कुठे? लांडगा, कोल्हा, खोकड, भटकी कुत्री त्याच माळावर असतात. माँटेग्यूच्या नराचे वजन पाव किलोच्या आसपास असते, आणि सकाळी नाकतोडे-टोळ हालचाल करू लागेपर्यंत त्याला पोटात काहीही न घालता रात्र काढायची असते.

आमिष लावणे म्हणजे नेमके काय?

पक्षी छायाचित्रकारांच्या वर्तुळात हे उघड गुपित आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पांढरे उंदीर आणायचे, पायाला दोरा बांधून किंवा लाकडाच्या ओंडक्याजवळ सोडायचे, आणि घुबड, कापशी घार किंवा गरुड झडप घालेल त्या रेषेत कॅमेरे लावून बसायचे. कुठे कोंबडीचे तुकडे टाकतात, कुठे पाण्यावर मासा फेकतात. घुबडांसाठी आणखी एक युक्ती म्हणजे ब्लूटूथ स्पीकरवर त्याच जातीचा आवाज वाजवणे. आपल्या हद्दीत परका घुसला असे समजून घुबड बाहेर येते, आवाजाचा पाठलाग करते, न दिसणाऱ्या शत्रूवर चिडते. जवळच वीण चालू असेल तर घरटे तेवढा वेळ उघडे पडते.

असा फोटो ओळखणे फार अवघड नाही. पक्षी जमिनीलगत, थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, मागची पार्श्वभूमी आधीच निवडल्यासारखी स्वच्छ असते आणि एकाच जागेचे, एकाच पक्ष्याचे तसेच फोटो आठवडाभर वेगवेगळ्या लोकांच्या पानांवर येत राहतात. पंज्यात पांढरा उंदीर असेल तर प्रश्नच मिटला. महाराष्ट्राच्या माळावर पांढरे उंदीर राहत नाहीत.

‘एका उंदराने काय बिघडते? उलट त्याला जेवण मिळते,’ हा नेहमीचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. एखाद्या वेळच्या एका उंदराने पक्षी मरत नाही. पण एकदाच कुणी करत नाही. जिथे आमिष चालते तिथे ते रोज चालते, आणि पक्षी माणूस, गाडी आणि अन्न यांची सांगड घालायला शिकतो. मग तो रस्त्याच्या कडेला येऊन बसतो, वाहनाला धडकतो किंवा कोंबड्या पाळणाऱ्याच्या अंगणात निर्धास्त उतरतो. त्याला प्रत्येक माणूस कॅमेरेवाला वाटतो. तसा तो नसतो.

दुसरा धोका रोगाचा. बर्ड फ्लूचा विषाणू शिकारी पक्ष्यांना बाधित पक्षी खाल्ल्याने होतो. कोंबडीच्या मांसाबद्दल निष्काळजी राहू नये, याची जाणीव विदर्भाला ताजी आहे. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एका बिबट्याचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा त्यांना दिल्या जाणाऱ्या मांसावरच पहिला संशय घेतला गेला. पशुवैद्यकांच्या देखरेखीखालील केंद्रात ही वेळ येत असेल, तर बाजारातून पिशवीत आणलेले तुकडे माळावर टाकण्याला ‘जेवण देणे’ म्हणणे धाडसाचे आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप रुंद आहे. कलम २(१६) नुसार मारणे, पकडणे, सापळा लावणे याबरोबरच वन्य प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे, तसेच तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरट्यांना उपद्रव देणेही शिकारच. कलम ९ अशा शिकारीला मनाई करते. बहुतेक शिकारी पक्षी अनुसूची एक किंवा दोनमध्ये आहेत आणि अनुसूची एकमधील प्रजातीच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

म्हणजे शब्दशः वाचले, तर फोटोसाठी उंदीर बांधणारा आणि उड्डाणासाठी गाडीने गरुड हाकणारा, दोघेही या व्याख्येत बसू शकतात. प्रत्यक्षात हा गुन्हा सिद्ध करणे कठीण. माळरानावर वनरक्षक विरळ, उंदीर पंज्यात गेला की पुरावा गेला, आणि माळाचा बराचसा भाग अभयारण्याबाहेर, महसूल किंवा खासगी जमिनीत. अभयारण्यात फोटोसाठी परवानगी लागते, बाहेर कुणी विचारत नाही. तरीही ज्यांना हा छंद ‘निरुपद्रवी’ वाटतो, त्यांनी ही व्याख्या एकदा वाचायला हवी. आपण गुन्हेगार आहोत असे मानून नव्हे. कायदा करणाऱ्यांनी हाकणे आणि आमिष हे शब्द मारण्याच्या पंगतीत का बसवले, हे त्यातून कळते.

महाराष्ट्रात हिवाळ्याला दुहेरी महत्त्व का?

पक्षी छायाचित्रणाची नीतिनियमावली आपल्याकडे बहुतांशी युरोप-अमेरिकेतून आली. तिथे वीण वसंतात आणि उन्हाळ्यात होते. त्यामुळे ‘घरट्यापासून दूर राहा’ हा नियम त्या महिन्यांचा आणि ‘उपाशी पक्ष्याला त्रास देऊ नका’ हा हिवाळ्याचा, अशी वाटणी तिथे आपोआप होते. महाराष्ट्रात ती होत नाही.

इथल्या स्थानिक शिकारी पक्ष्यांची वीण हिवाळ्यातच असते. शृंगी घुबड नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान ओढ्याच्या कड्यावर, दगडाच्या खोबणीत, अनेकदा हाताला लागेल एवढ्या उंचीवर अंडी घालते. मोरघार डिसेंबरपासून घरट्यावर असते. भारतीय गिधाडांची सह्याद्रीच्या कड्यांवरची वसाहत याच काळात गजबजते. जानेवारीपासून शाहीन ससाण्याची जोडी किल्ल्यांच्या कातळावर जागा धरते. म्हणजे पुणेकर किंवा नाशिककर छायाचित्रकार एकाच रविवारी सकाळी थकलेल्या स्थलांतरिताच्या आणि दुपारी अंड्यावर बसलेल्या घुबडाच्या पुढे उभा असू शकतो.

घुबडाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. मादी उठली की अंडी उन्हात उघडी पडतात, कावळ्यांना जागा कळते. फोटो ‘स्वच्छ’ यावा म्हणून समोरची काटेरी फांदी बाजूला करणारे हौशी असतात. ती फांदीच घरट्याची सावली आणि पडदा असते. घुबडे मुकाट सोसतात असेही नाही. ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाने केलेल्या हल्ल्यात गेला. ते पुढेही आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढत राहिले, पण तो किस्सा लेन्स विकत घेताना कुणी सांगत नाही.

परदेशात आमिषाला मान्यता आहे का?

सरसकट उत्तर नाही. जपानमधील होक्काइडोच्या राऊसू बंदरातून फेब्रुवारीत बोटी निघतात आणि बर्फाच्या लाद्यांवर मासे टाकून समुद्री गरुडांचे फोटो काढले जातात. वेल्समध्ये गिग्रिन फार्मवर लाल घारींना रोज ठरलेल्या वेळी मांस दिले जाते. त्या घारी ब्रिटनमध्ये नामशेष होण्याच्या काठावरून परतल्या, हे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. उत्तर अमेरिकेत मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्या हिमघुबडांना दुकानातले उंदीर टाकण्यावरून मोठा वाद झाला आणि ऑडुबॉन सोसायटीने आपल्या स्पर्धेत अशा फोटोंना दार बंद केले.

या उदाहरणांतून आपल्याकडे ‘मग जपानात चालते ते इथे का नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. ठरावीक जागी, ठरावीक वेळी, नियंत्रणाखाली आणि सर्वांना माहीत असलेले खाद्यस्थान एक, आणि रविवारी सकाळी बांधावर गुपचूप सोडलेला उंदीर दुसरा. पहिल्याबद्दलही शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. दुसऱ्याचे समर्थन करायला जपान कामाचा नाही.

गाइड दोषी की व्यवस्था?

अनेक ठिकाणी बोट ‘मागे लाव’ म्हणून दोष नावाड्याला आणि गाडी ‘पुढे घे’ म्हणून दोष गाइडला दिला जातो. हे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. भिगवण परिसरात उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी पक्षी दाखवण्याचा जोडधंदा उभा केला. त्यातून घर चालते, आणि पक्षी जिवंत असण्यात गावाचा फायदा आहे हे गावाला पटते. ही मोठी कमाई आहे. पण पाहुणा शहरातून येताना दुसऱ्याचा फोटो मोबाइलवर घेऊन येतो आणि ‘असा मिळवून द्या’ म्हणतो. मिळाला तर वर बक्षिसी, नाही मिळाला तर गुगलवर दोन तारे. ज्याचे उत्पन्न ‘क्लोजअप’वर अवलंबून आहे, त्याने अंतर राखावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या खिशातून नीतिमत्ता विकत घेणे आहे.

म्हणून २०२४ मध्ये पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारी महत्त्वाची ठरते. पूर्वी कुणीही कुठूनही गाडी घालत असे, लांडग्यांमागे आणि भोवत्यांमागे माळ तुडवला जात असे. आता ठरलेले मार्ग, आगाऊ नोंदणी आणि स्थानिक मार्गदर्शक अशी चौकट आली. ती परिपूर्ण नाही. व्याघ्र प्रकल्पातील जिप्सींची शर्यत माळावर येऊ नये, ही भीती रास्त आहे. पण चौकट असली की तिच्यात सुधारणा करता येते. एक सुधारणा तर उघड आहे: गाइडचे मानधन ठरलेले असावे आणि अंतर मोडण्यास नकार दिल्याबद्दल त्याचे रेटिंग खाली जाऊ नये. दुसरी, संध्याकाळची फेरी रातथाऱ्याच्या जागांपासून सूर्यास्तापूर्वीच बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी ना निधी लागतो ना समिती.

ठिकाण सांगावे की लपवावे?

फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद असते, याची आता अनेकांना कल्पना आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. पण खरी गळती इथे होत नाही. ती होते ग्रुपवर टाकलेल्या ‘पिन’ने. शुक्रवारी रात्री एका घरट्याची पिन आली, की रविवारी तिथे पंधरा ट्रायपॉड असतात.

घुबडांसाठी हा प्रश्न फोटोपुरता उरत नाही. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांना मागणी येते आणि त्यांचा चोरटा व्यापार होतो, हे ट्रॅफिक या संस्थेने २०१० मधील अहवालात मांडले होते. ईबर्डसारख्या मंचावर काही संवेदनशील प्रजातींच्या नेमक्या जागा म्हणूनच झाकल्या जातात. तालुक्याचे नाव लिहिल्याने नोंदीची शास्त्रीय किंमत फारशी कमी होत नाही, घरट्याचे आयुष्य मात्र वाढते. ‘ज्ञान सर्वांचे असावे’ हा आक्षेप इथे येतो. ज्ञान असावेच. पण पिन म्हणजे ज्ञान नव्हे, तो पत्ता आहे.

मग छायाचित्रकारच खरे शत्रू आहेत का?

नाहीत, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराष्ट्राची माळराने सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली. तिथे झाडे लावली, चर खणले, कारखाने आले, सौर प्रकल्प आले, उसाचे पाणी पोहोचले. शेतातल्या कीटकनाशकांनी टोळ-नाकतोडे संपले की भोवत्याचे ताटच रिकामे होते. विजेच्या खांबांवर गरुड मरतात. या सगळ्यापुढे चार गाड्यांचा त्रास किरकोळ वाटू शकतो.

शिवाय या पक्ष्यांच्या बाजूने उभी राहणारी माणसेही बहुधा कॅमेरेवालीच असतात. एखाद्या माळावर किती जातींचे पक्षी येतात हे दाखवायला वन विभागाकडे अनेकदा त्यांचेच फोटो असतात. जखमी घुबड दिसले की फोन त्यांचाच येतो. कॅमेरे नसते तर माळ पडीक नाही हे शहराला कुणी पटवले असते?

पण म्हणूनच सूट देता येत नाही. जागा आक्रसली की उरलेल्या तुकड्यांवर पक्षी आणि माणसे दोघेही दाटतात. पन्नास चौरस किलोमीटरवर पसरलेल्या भोवत्यांना एका गाडीचा त्रास नव्हता. तेच पक्षी पाच चौरस किलोमीटरवर आले की त्यांना जायला दुसरा माळ नसतो. मोठ्या कारणांमुळे लहान कारण माफ होत नाही, उलट अधिक बोचते.

मग फोटो काढायचा कसा?

जुने आणि चांगले छायाचित्रकार जे करतात ते फार गूढ नाही. गाडीतून उतरायचे नाही, कारण शिकारी पक्षी पायी माणसापेक्षा उभ्या गाडीला जास्त सहन करतात. इंजिन बंद करून थांबायचे. पक्ष्याने मान ताठ केली, पिसे अंगाला चिकटवली, शीट टाकली किंवा पुढे झुकला, की तो उडायच्या तयारीत आहे. याचा अर्थ आपण आधीच फार जवळ आलो आहोत, तेव्हा मागे यायचे. एकदा उडाला तर त्याच पक्ष्यामागे पुन्हा जायचे नाही. शिकार पंज्यात असेल तर मुळीच हलायचे नाही, कारण दचकून ती टाकली तर त्याची दिवसभराची मेहनत गेली. एका पक्ष्यापाशी तीन गाड्या असतील तर चौथीने दुसरीकडे वळायचे. ड्रोनचा तर विचारही नको. गरुडाला तो आपल्या हद्दीतला शत्रू वाटतो आणि पंख पात्यात अडकतात.

आणि उड्डाणाचा फोटो? तो सकाळी सातला नसतोच. नऊ-साडेनऊला माळ तापू लागतो, गवतावरचे दव सुकते, गरुड दोन-तीनदा पिसे झाडतो आणि आपणहून निघतो. प्रकाश तोवर कडक झालेला असतो, आभाळ फिके, सावल्या कठोर. स्पर्धेला लागतो तसा सोनेरी फोटो तो नसतो. बहुतेक गाड्या तोवर चहा-पोह्यांसाठी हायवेवर परतलेल्या असतात. जे थांबतात त्यांना गरुड गोल गोल फिरत ठिपका होईपर्यंत वर जाताना दिसतो.

स्पर्धा आणि समाजमाध्यमांवरील मोठे ग्रुप इथे एक गोष्ट आज करू शकतात. प्रवेशिकेबरोबर ‘आमिष, ध्वनिफीत किंवा पक्ष्याला हाकणे यांचा वापर केला का’ हा प्रश्न सक्तीचा करावा आणि ओळीने काढलेल्या मूळ फाइल मागाव्यात. सेकंदाला तीस फोटो काढणारा कॅमेरा झडपेच्या आधीचे आणि नंतरचे सगळे टिपतो. उंदीर कुठून आला, तेही त्यात असते.